मुरगावची कार्डं, वेंगुर्ल्याची आठवण: एका अल्बमचं प्रकरण

बेळगावच्या शहापुरातलं एक जुनं घर पाडायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आडतीच्या चोपड्या आणि एक अल्बम निघाला. काळ्या जाड कागदाची पानं, त्यांवर खळीनं चिकटवलेली चाळीसएक चित्रकार्डं. बहुतेक कार्डं एकाच बंदराची होती. दगडी धक्का, धक्क्याला लागलेली आगबोट, रुळांवर उभे मालाचे डबे, मागं टेकडी आणि तिच्यावर कौलारू घरं. पहिल्या पानावर कुणीतरी बॉलपेननं लिहून ठेवलेलं: ‘वेंगुर्ला बंदर’.

घरच्यांनी अल्बम आमच्या वाचनालयाच्या स्थानिक इतिहासाच्या कपाटासाठी आणून दिला. बेळगाव आणि समुद्र यांच्या नात्यावर एक छोटं प्रदर्शन मांडायचं आमचं चाललंच होतं, त्यामुळे सगळ्यांना फार आनंद झाला. कार्डं मोठी करून लावायची आणि खाली ‘शंभर वर्षांपूर्वीचं वेंगुर्ला बंदर’ अशी ओळ द्यायची, असं जवळपास ठरूनही गेलं. घरच्यांचीही तीच इच्छा होती. पणजोबांची आडत वेंगुर्ल्याच्या मालावर उभी राहिली, हे त्या घरात लहान पोरालासुद्धा पाठ आहे.

कार्डांवरचं बंदर मात्र वेंगुर्ल्याचं नव्हतं. ते मुरगाव होतं, आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचं मार्मागोवा. हे कशावरून ठरलं, कार्डांची वयं कशी काढली आणि घरच्यांच्या आठवणीचं शेवटी काय केलं, ते इथं सविस्तर मांडतो. सीमाभागातल्या कितीतरी घरांत असे अल्बम असणार. ते उघडणाऱ्याला याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी.

बेळगावचं बंदर

बेळगाव घाटमाथ्यावरचं गाव. तरी गावातल्या रस्त्यांची नावं समुद्राकडं बोट दाखवतात. हिंडलग्याकडून जाणारा वेंगुर्ला रोड आहे, रामघाट रोड आहे, गोवावेस आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा माल वेंगुर्ल्याला उतरायचा आणि तिथूनच परदेशी चढायचा. घाटावरून कापूस, गूळ, तंबाखू खाली जायचा. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. आधी रामघाटानं, लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीकडून गाडीरस्ता नीट झाल्यावर बैलगाड्यांनी. इंग्रजांनी १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला आणि इथं छावणी बसवली, त्या छावणीची पलटणी आणि सामानही वेंगुर्ल्याच्याच वाटेनं आलं. वेंगुर्ला त्यांच्या ताब्यात आधीच, म्हणजे १८१२ मध्ये, सावंतवाडीकरांकडून आलेलं होतं. त्याच्याही आधी सतराव्या शतकात डचांनी तिथं वखार बांधली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत.

मग रेल्वे आली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानं दक्षिण मराठा मुलखात धान्य पोचवायला रेल्वे हवी, हे सरकारला दाखवून दिलं. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, आणि त्याच्या जोरावर मुरगावला बंदर बांधून तिथून घाट चढून जाणारा लोहमार्ग टाकायचं ठरलं. गोव्याच्या बाजूला ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज’ ही कंपनी, अलीकडं ‘सदर्न मराठा रेल्वे’. हद्दीवरच्या कॅसल रॉक स्टेशनात दोघींची गाठ. १८८८ मध्ये हा मार्ग सुरू झाला. त्याच सुमारास लोंढ्याहून बेळगाव, मिरजेकडची मीटरगेज लाइनही झाली, आणि बेळगावचा व्यापारी लोंढ्यामार्गे थेट गोदीशी जोडला गेला.

वेंगुर्ल्याचा व्यापार याच काही वर्षांत आटला. बंदर बंद पडलं नाही, मुंबईच्या किनारी बोटी तिथं पुढंही कित्येक वर्षं लागत राहिल्या. घाटावरच्या मालाची मोठी धार मात्र रुळावरून मुरगावकडं वळली. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण चित्रकार्डांचं युग त्याच्यानंतर आलं. या प्रकरणाचा सगळा निकाल या मागंपुढं येण्यात आहे.

चित्रावरून गाव

कार्डांच्या खाली छापील नावं असतात, मग ओळखायला अडचण ती कसली, असं कुणीही विचारील. इथं ती नावं दिसतच नव्हती. अल्बम करणाऱ्यानं कार्डं पानात नीट बसावीत म्हणून बऱ्याच कार्डांची खालची पांढरी पट्टी कापून टाकलेली, आणि मागची बाजू खळीनं पानाला घट्ट धरलेली. ओढून काढली असती तर कागदाचा पापुद्रा पानावरच राहिला असता आणि मागचा मजकूर कायमचा गेला असता. म्हणून आधी ती आहेत तशीच ठेवून फक्त चित्रं वाचायची, असं ठरवलं.

पहिला पुरावा रुळांचा. जवळजवळ प्रत्येक चित्रात धक्क्यापर्यंत रूळ आलेले आहेत. वेंगुर्ल्याला रेल्वे तेव्हा आली नाही आणि आजतागायत आलेली नाही. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेसुद्धा सावंतवाडी, कुडाळवरून गेली, वेंगुर्ल्याला तिनं स्पर्श केला नाही. खरं तर एवढ्यावरच निकाल लागत होता. पण घरच्यांपैकी एकानं शंका काढली की माल वाहायला बंदरावर ट्रॉलीचे छोटे रूळ असतात, हेही तसलेच असतील. शंका रास्त होती, म्हणून पुढं गेलो.

दुसरा पुरावा क्षितिजाचा, आणि मला तो सगळ्यांत भक्कम वाटतो. वेंगुर्ल्याचा किनारा पश्चिमेला उघडा आहे. बंदरावर उभं राहून समोर पाहिलं की नुसता समुद्र, आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर खडकांची बेटं. मुरगावची गोदी मात्र टेकडीच्या उत्तर अंगाला, झुआरी नदीच्या मुखाशी आहे. तिथून समोर पाहिलं की पाण्यापलीकडं दुसरा किनारा दिसतो, दोनापावला आणि काबो यांच्या बाजूचा. अल्बममधल्या ज्या कार्डांत धक्क्यावरून समोरचं पाणी दिसतं, त्या प्रत्येकात बोटीच्या डोलकाठीमागं जमिनीची एक लांब, सपाट, करडी पट्टी आहे. वेंगुर्ल्यात ती यायला जागाच नाही.

तिसरा पुरावा भिंगाखाली सापडला. एका चित्रात मालडब्याच्या बाजूवर रंगवलेली अक्षरं अर्धवट वाचता येत होती, आणि ती ‘एम अँड एस एम’ची होती, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. डबा मीटरगेजचा, पूर्ण आकाराचा. त्यामुळे ट्रॉलीच्या रुळांची शंका मिटलीच, शिवाय अक्षरं सुलटी असल्यानं चित्र उलटं छापलेलं नाही, हेही कळलं. जुन्या कार्डांत काचेची निगेटिव्ह उलटी ठेवली गेल्यानं डावं-उजवं फिरलेली चित्रं आढळतात. ठिकाण ओळखताना हे तपासलं नाही तर टेकडी भलत्याच बाजूला शोधत बसावं लागतं.

प्रत्येक कार्डाच्या तीन तारखा

जुनं कार्ड हातात आलं की लोक विचारतात, हे कधीचं? या प्रश्नाला एक उत्तर नसतं. फोटो कधी काढला, कार्ड कधी छापलं आणि ते टपालात कधी पडलं, या तिन्ही गोष्टींत दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज पडू शकतं. प्रकाशकाकडं एक चांगली निगेटिव्ह असली की तो ती खपेल तोवर छापायचा. आपण मात्र शिक्क्यावरचं साल पाहतो आणि बंदर त्या साली असं दिसत होतं, असं लिहून मोकळे होतो. गावांच्या कितीतरी इतिहासांत ही गफलत शिरलेली आहे.

मालडब्याचंच घ्या. सदर्न मराठा आणि मद्रास रेल्वे एकत्र येऊन नवी कंपनी झाली ती १९०८ मध्ये. तेव्हा डब्यावर ती अक्षरं असलेला फोटो १९०८ च्या आधीचा असूच शकत नाही. ही झाली सुरुवातीकडची हद्द. त्याच अल्बमातल्या दुसऱ्या एका कार्डाच्या मागच्या बाजूला मधली उभी रेघ नाही. हे कार्ड पानावरून सुटलेलं होतं म्हणून मागची बाजू पाहता आली. मागं फक्त पत्ता लिहायचा आणि मजकूर लिहायचा तर चित्रावरच, असा सुरुवातीचा नियम होता. मागं मधोमध रेघ मारून डावीकडं मजकूर, उजवीकडं पत्ता, ही सोय ब्रिटननं १९०२ मध्ये दिली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या देशांत ती पसरली. रेघ नसलेलं कार्ड म्हणजे छपाई या बदलाच्या आधीची किंवा फार तर आसपासची. म्हणजे एकाच बंदराच्या, एकाच पानावर शेजारी लावलेल्या दोन कार्डांच्या चित्रांत निदान काही वर्षांचं अंतर आहे. घरच्यांनी ती जोडीनं लावली होती, आणि पाहणाऱ्याला वाटायचं की दोन्ही एकाच दिवशीची.

छपाईची रीतही वय सांगते. भिंगातून पाहिलं की काही कार्डांवर ओळीनं मांडलेले ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. काहींवर ठिपके नसतात, बारीक सुरकुतल्यासारखा कण असतो. ती काचेवरून केलेली कोलोटाइप छपाई. तिच्यात जर्मन छापखाने तरबेज होते. हिंदुस्थानातल्या कितीतरी गावांची कार्डं त्या काळी जर्मनीत छापून यायची आणि कोपऱ्यात तसं लिहिलेलं असायचं. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि हा पुरवठा तुटला. अल्बममधल्या ज्या सुट्या कार्डांवर जर्मनीचं नाव आहे, ती म्हणूनच युद्धापूर्वीची धरली. तिसरा प्रकार खऱ्या फोटोचा. त्यात ना ठिपके ना कण, आणि काळ्या भागात तिरक्या उजेडात चांदीसारखी झाक दिसते. असं एकच कार्ड या अल्बमात होतं. त्याच्याकडं पुढं येतो.

आता दोन रंगीत कार्डांबद्दल. ती पाहताना मी फार वेळ रमलो. दोन्हींत तोच धक्का, तीच आगबोट, आणि धक्क्याच्या कडेला छत्री उघडून उभा असलेला तोच माणूस, त्याच जागी, त्याच पवित्र्यात. निगेटिव्ह एकच, यात शंका नाही. पण टेकडीवरच्या इमारतीवर जे निशाण आहे, ते एका कार्डात निळं-पांढरं आहे आणि दुसऱ्यात हिरवं-तांबडं. पोर्तुगालात राजेशाही गेली ऑक्टोबर १९१० मध्ये. राजाचं निशाण निळं-पांढरं होतं, प्रजासत्ताकानं १९११ मध्ये हिरवं-तांबडं घेतलं. फोटो काळापांढराच होता, रंग छापखान्यात चढवले जायचे. तेव्हा राजा गेल्यावर प्रकाशकानं नवा फोटो काढला नाही, जुन्याच चित्रातलं निशाण तेवढं बदललं आणि कार्ड पुन्हा विकायला ठेवलं. छत्रीवाला माणूस राजवट बदलून गेली तरी तिथंच उभा! कार्ड पाहून ‘प्रजासत्ताकाच्या काळातलं मुरगाव’ असं कुणी लिहिलं असतं तर निशाणापुरतं ते खरं ठरलं असतं, बाकी सगळं आधीचं.

रंगांवर आणखी एका कारणानं विसंबू नये. ते भरणारे कारागीर युरोपातल्या छापखान्यात बसलेले. कोकणची जांभ्याची लाल माती त्यांनी पाहिलेली नव्हती. या कार्डांत टेकडी पिवळसर राखाडी आहे आणि झाडं काळपट हिरवी. गोव्याला एकदा जाऊन आलेला माणूसही सांगेल की ती टेकडी अशी दिसत नाही. कौलांचा, बोटीच्या धुराड्याचा, लोकांच्या कपड्यांचा रंगही पुरावा म्हणून वापरायचा नाही, हे आम्ही स्वतःपुरतं ठरवून टाकलं.

फुली मारलेलं कार्ड

सगळ्या अल्बमात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते रेघ नसलेलं सुटं कार्ड. चित्र साधंच आहे. गोदीतली एक लांब शेड, पुढं पोत्यांची थप्पी. शेडच्या छपरावर शाईनं एक छोटी फुली केलेली आहे, आणि वरच्या आभाळाच्या मोकळ्या जागेत मोडीत चार ओळी.

मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांनी ओळी लावून दिल्या. लिहिणारा पणजोबांचा धाकटा भाऊ. प्रकृती बरी असल्याचं आधी लिहिलंय. फुली केली आहे त्या जागी आपण काम करतो, असं कळवलंय. शेंगांची पोती येऊन पडली आहेत, अजून बोटीवर चढली नाहीत, आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली म्हणून घाई चालू आहे, असा मजकूर. शेवटी वडील माणसांना नमस्कार. एवढंच.

कार्ड छापलं पोर्तुगीज हद्दीतल्या विक्रीसाठी, वर शब्द पोर्तुगीज. पण त्याला लावलेलं तिकीट ब्रिटिश हिंदुस्थानचं, सातव्या एडवर्डच्या मुखवट्याचं. गोव्यातल्या टपालात त्यांची वेगळी तिकिटं लागायची, रेइस आणि तांगा अशा त्यांच्या नाण्यांतली. हे तिकीट तिथं चाललं नसतं. शिक्का अर्धाच उमटला आहे, पण जेवढी अक्षरं आहेत ती कॅसल रॉकची. याचा अर्थ मला असा लागतो: धाकट्या भावानं कार्ड मुरगावात घेतलं, तिथंच लिहिलं, आणि वर येणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाजवळ दिलं. त्यानं घाट चढल्यावर, हद्द ओलांडल्यावर ते पेटीत टाकलं. जकातीसाठी गाडी कॅसल रॉकला थांबायचीच. दोन्ही मुलखांमधली जकात उठवणारा १८७८ चा करार १८९२ मध्ये संपला, त्यानंतर तिथं सामान उघडून दाखवावं लागायचं. पत्र टाकायला तेवढा वेळ पुरेसा.

या एका कार्डानं घराची गोष्टच उलगडली. ट्रंकेतल्या चोपड्या मग त्याच शिक्षकांबरोबर पुन्हा उघडल्या. आधीच्या चोपड्यांत वेंगुर्ल्याच्या दलालांची खाती आहेत, गाडीवानांना दिलेलं भाडं आहे, बैलांच्या वैरणीचा खर्चसुद्धा आहे. पुढच्या चोपड्यांत ही खाती विरळ होत जातात आणि रेल्वेच्या पावत्या, हमाली, मार्मागोवा असे शब्द येऊ लागतात. धंदा ज्या बंदराकडं गेला, त्या बंदरावर घरचा एक मुलगा कामाला लागला. तो तिथून कार्डं पाठवत राहिला आणि कुणीतरी, बहुधा घरातल्या बाईनं, ती जपून अल्बमात लावली. चित्रकार्डं म्हणजे हौशी संग्राहकांचा छंद असं आपण समजतो. इथं ती कामावर गेलेल्या माणसानं घराला पाठवलेली खुशाली होती.

आज्जींचं म्हणणं

ठिकाणाचा निकाल लागल्यावर घरी जाऊन सांगणं भाग होतं. त्या घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आज्जींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रुळांचं, क्षितिजाचं, निशाणाचं. मग म्हणाल्या, “ते सगळं खरं असंल ओ. पण आमच्या सासऱ्यांच्या तोंडात वेंगुर्लंच होतं. गोव्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही बघा.”

मला हे म्हणणं बाजूला टाकावंसं वाटलं नाही. त्याचं कारण सापडतं. गोव्याकडं जाणारी गाडी १९५५ मध्ये सत्याग्रहाच्या दिवसांत बंद पडली आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तो रस्ता तुटलेलाच होता. तोवर घरची आडत मिटली होती, मुरगावला गेलेला भाऊ वारला होता. मधल्या पिढीला मुरगाव म्हणजे हद्दीपलीकडची परकी जागा. वेंगुर्ल्याचं नाव मात्र रोजच्या रस्त्यावर होतं, वेंगुर्ला रोडवर, नात्यागोत्यांत, देवदर्शनाच्या वाटेवर. पुढं कधीतरी कुणी अल्बम उघडला, बंदर पाहिलं, आणि घराला जे बंदर ठाऊक होतं त्याचं नाव लिहून टाकलं.

घराची आठवण व्यापारापुरती खरीच होती. या घराला पैसा दिला वेंगुर्ल्यानं. फक्त वेंगुर्ल्याची चित्रं कुणी काढून विकली नाहीत.

चित्रकार्ड विकत घेतो कोण? गाडीतून उतरलेला आणि बोट सुटायची वाट पाहणारा प्रवासी. मुरगावला नेमकी हीच माणसं होती. आगगाडी थेट गोदीत यायची, आगबोट धक्क्याला लागायची. आफ्रिकेला जाणारे गोवेकर, सुटीवर निघालेले अधिकारी, त्यांची कुटुंबं, सगळ्यांच्या हाताशी तासभर मोकळा. शिवाय बंदर नवं, कंपनीनं बांधलेलं, दाखवण्यासारखं. वेंगुर्ल्याच्या भरभराटीच्या काळात तिथं होते ते गाडीवान, लमाण, खलाशी, हमाल आणि आडत्ये. त्यांना चित्र विकायला कुणी गेलं नाही, आणि जायचं म्हटलं तरी त्या काळी चित्रकार्ड नव्हतंच. हिंदुस्थानात साधं पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. चित्राचं कार्ड लोकांच्या हाती खेळू लागलं ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. तोवर घाटावरचा माल मुरगावला गेलेला.

जुन्या कार्डांवरून बंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे फार गंभीरपणे घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. कार्डं जिंकलेल्या बंदराची असतात. ज्या गावाची कार्डं भरपूर, त्याचा पाणकाठ आपल्याला इंच इंच माहीत असतो. ज्याची नाहीत, ते गाव जणू कधी बंदर नव्हतंच, असं हळूहळू होऊन बसतं. आणि ज्याची आहेत त्याचंही सगळं कार्डांत येत नाही. या अल्बमात पावसाळ्यातलं एकही चित्र नाही. पोत्यांच्या थप्प्या आहेत, ती पोती पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा हमाल एकाही चित्रात जवळून दिसत नाही. धक्का नेहमी झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ.

ते एक कार्ड

खऱ्या फोटोचं जे एकच कार्ड अल्बमात होतं, ते वेंगुर्ल्याचंच निघालं. प्रकाशकाचं नाव नाही, तिकीट नाही, टपालात कधी पडलेलं नाही. कुणा स्टुडिओवाल्यानं कार्डाच्या कागदावर काढून दिलेली प्रत असावी. वाळूवर ओढलेले पडाव, मागं खडकाळ टेकाडावर दीपगृह, आणि समोर पाण्यापलीकडं काहीही नाही, थेट आभाळापर्यंत समुद्र. बोट धक्क्याला लागलेली नाही. ती लांब नांगरून उभी आहे आणि तिच्याकडं एक होडी निघालेली आहे. वेंगुर्ल्याला मोठ्या बोटीत चढायचं तर असंच जावं लागायचं.

आज्जींना हे कार्ड दाखवलं तेव्हा त्यांनी पडावांकडं बोट करून त्यांच्या माहेरच्या माणसांची बंदरावरची बरीच हकिगत सांगितली. ती आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे.

काय ठरलं

अल्बमच्या पानावरचं ‘वेंगुर्ला बंदर’ खोडायचं नाही, हे सगळ्यांत आधी ठरलं. तोही आता पुरावाच आहे, एका पिढीला काय वाटत होतं याचा. पानांचे फोटो जसेच्या तसे घेतले. मग कार्डांचे दोन्ही बाजूंनी स्कॅन, जिथं मागची बाजू मोकळी होती तिथं. चिकटलेली कार्डं आम्ही सोडवायला गेलो नाही. वाफ देऊन सुटतील असा सल्ला बरेच जण देतात, पण कोलोटाइपची शाई आणि हातानं चढवलेले रंग वाफेनं फुटतात. ते काम कागद-जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं. बेळगावच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर हे दोन वैरी ठरलेले. म्हणून सुटी कार्डं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत घातली आणि जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुट्या कपाटात ठेवली. बाजारात मिळणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं घेतली नाहीत, ती काही वर्षांनी चिकट होऊन चित्राला धरतात. मूळ अल्बमची मालकी घरच्यांकडंच राहिली.

प्रदर्शनातल्या प्रत्येक कार्डाखाली तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहिल्या: चित्र, छपाई, टपाल. जिथं साल सांगता येत नव्हतं, तिथं ‘१९०८ नंतर’, ‘१९१४ पूर्वी’ अशी हद्दच दिली. ओळी मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. मुरगावच्या कार्डांच्या भिंतीसमोर वेंगुर्ल्याचं एकटं कार्ड आणि त्याच्या शेजारी चोपड्यांची उघडी पानं ठेवली, गाडीभाड्याच्या आणि वैरणीच्या नोंदी दिसतील अशी, बाजूला देवनागरीत उतरवून. त्या बाजूला चित्र एकच असलं तरी वाचायला जास्त होतं, आणि येणारे लोक तिथं जास्त वेळ थांबत होते. उचगाव, बाची, तुडये या बाजूनं आलेल्या दोघातिघांनी आपल्या घरातही अशा चोपड्या आहेत, गाडीवानकीच्या आहेत, असं सांगितलं.

आता काम त्या चोपड्यांचं आहे. वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या गावांत, चंदगड, आंबोली, सावंतवाडीपर्यंत, ज्या घरांनी गाड्या हाकल्या, बैल बदलून दिले, मुक्कामाला जागा दिली, त्यांच्याकडच्या मोडी नोंदी गोळा करायला सुरुवात केली आहे. कुणाच्या माळ्यावर अशी चोपडी असेल तर ती रद्दीत घालू नये आणि उन्हात वाळवतही ठेवू नये, सुती कापडात गुंडाळून ठेवावी. आम्ही घरी येऊन तिथंच तिचे फोटो घेतो, चोपडी घरातून हलवत नाही.